पार्ट गिऱ्हाइकाचा

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सनीचा एसी गेला.
म्हणजे वारा येत होता,
पण कुणीतरी आधी श्वासात घेऊन सोडलेला.

परकारनं बॉनेट उघडून कान लावला. कॉम्प्रेसर.
खेडचा माणूस. एरवी माझ्याशी मराठीत बोलतो,
जगबुडीच्या पुराबद्दल, मुलीच्या बारावीबद्दल.
पैशांचं निघालं की हिंदीत शिरतो.
"साडेसातसौ दिरहम, सिस्टर. फिटिंग के साथ."

नाइटला शायनी म्हणाली, वेडी आहेस का,
पार्ट आपण आणायचा,
मेकॅनिकचे फक्त हात घ्यायचे.
तिच्या नवऱ्यानं रेडिएटर असाच आणला होता.
शेवटच्या बेडचं सलाईन बदलताना
मी मनात वजाबाकी करत होते.

सकाळी ड्यूटीच्या बुटांनीच गेले
शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात.
तिथे गाड्या मरत नाहीत, वाटल्या जातात.
भिंतीला टेकलेली दारं, दारंच दारं,
खोबणीतून उपसलेले दिवे, वायरी लोंबणारे,
खाली तेल प्यायलेली वाळू.
गुलरेझनं मुल्किया मागितली.
गाडीचं वर्ष पाहिलं, मला पाहिलं,
मागून कुणी पुरुष येतोय का तेही पाहिलं.
"साडेतीनशे. गॅरेजवाल्याला अडीचशे.
तो रोज येतो, तुम्ही आज आलात."
इतकं खरं बोलणाऱ्याशी घासाघीस काय करायची.
कॉम्प्रेसर शेजारच्या सीटवर ठेवला
आणि त्याला बेल्ट लावला.

परकारनं तो हातात तोलला,
पुली बोटानं फिरवली, एकदा सुलटी, एकदा उलटी,
तेलाचा वास घेतला,
काही बोलला नाही.
मजुरी दीडशे. बिलावर लिहिलं, पार्ट गिऱ्हाइकाचा.
गॅरंटीच्या रकान्यात आडवी रेघ.
अडीचशे वाचले. मी शायनीला बिर्याणी खिलवली.

अकराव्या दिवशी, अल नहदाच्या सिग्नलला,
आत कुणीतरी लोखंड चावू लागलं.

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"
हात पुसत पुसत तो म्हणाला,
"तुम्ही विचारलंत कुठे?"

राग आला. गाडीचं दार आपटलं, माझ्याच गाडीचं.
मग आठवलं, बाहेरून आणलेलं इंजेक्शन
मी तरी कुठे टोचते?
नातेवाईक पिशवी पुढे करतात,
पावती दाखवतात, तेच आहे म्हणतात, निम्म्यात मिळालं म्हणतात,
मी भिंतीवरच्या नियमाकडे बोट करते.
आणि मिरजेहून आणून मला इथे बसवणाऱ्या एजंटानं
माझ्यावर किती लावले,
हे सहा वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.
विचारलं असतं तर कुणाला?

या खेपेला त्याच्या पिकअपमधून गेलो.
वाटेत कराक घेतला. पैसे त्यानं दिले.
गुलरेझनं मला ओळखलं नाही,
किंवा ओळखलं आणि जाऊ दिलं.
परकारनं चार कॉम्प्रेसर परत ठेवायला लावले,
पाचव्याशी बराच वेळ बसला,
आजाऱ्याशेजारी बसावं तसा.
"अडीचशे," गुलरेझ म्हणाला. माझ्यासमोर.

परतताना बराच वेळ नुसता टायरांचा आवाज.
मग रस्त्यावरची नजर न काढता,
मराठीत,
"अडीचशे त्याचे. दीडशे मजुरी.
वर शंभर माझे.
तीन महिन्यांत काही झालं तर माझ्या डोक्यावर.
जास्त वाटत असेल तर बोला."

मी काच आणखी खाली केली.
बाहेरचा वारा आत आला, आतल्याहून गरम.
पिकअपचा एसी बंदच होता.
कधीपासून, मी विचारलं.